बेसबॉलच्या मायनर लीगमधला तरुण आउटफिल्डर (बाहेरच्या मैदानातला क्षेत्ररक्षक) खरंच तयार झालाय, हे कशावरून ओळखायचं?

डीपमिडविकेट

अटलांटा ब्रेव्ह्जच्या रोनाल्ड अकुन्या ज्युनिअरचं २०१७ चं वर्ष समोर ठेवून विचारतोय. वय १९. मायनर लीग म्हणजे मेजर लीगखालच्या तयारीच्या पायऱ्या: रूकी, लो-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. त्याच्या सीझनची सुरुवात हाय-एमध्ये, किसिमीच्या फ्लोरिडा फायर फ्रॉग्जकडून. तिथे २८ सामने, बॅटिंग सरासरी .२८७ (दर हजार प्रयत्नांत २८७ यशस्वी फटके). मग डबल-ए, मिसिसिपी ब्रेव्ह्ज, ५७ सामने, .३२६. शेवटी ट्रिपल-ए, ग्विनेट, ५४ सामने, .३४४. पायरी चढेल तसे पिचर (चेंडू फेकणारे) अवघड होत जातात, म्हणजे सरासरी घसरायला हवी. इथे उलटंच दिसतंय. असं का?

दुसरं म्हणजे, २०१८ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनपूर्व सराव सामन्यांत) त्याने .४३२ मारले आणि तरी त्याला ट्रिपल-एला परत धाडलं. यामागे खेळाचं कारण होतं की पैशाचं?

आणि खरा प्रश्न हा की आज हाय-एमध्ये खेळणारा एखादा १९ वर्षांचा आउटफिल्डर हेरायचा असेल, तर काय बघायचं आणि कोणत्या क्रमाने? बॅटिंगचे आकडे मिळतात, पण फिल्डिंगचं काहीच हाती लागत नाही.

---

बॉक्सस्कोअर

सरासरी जरा बाजूला ठेवा आणि त्याच तीन पायऱ्यांचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) काढा. हाय-एमध्ये १२६ प्लेट अपिअरन्समध्ये (बॅटिंगच्या पाळ्यांमध्ये) ४० स्ट्राइकआउट, म्हणजे जवळपास ३२ टक्के. डबल-एमध्ये २३ टक्के. ट्रिपल-एमध्ये २० टक्के. पिचर अवघड होत गेले आणि हा मुलगा कमी चुकत गेला. त्या वर्षातली सर्वात मोलाची गोष्ट ही आहे; .३४४ हा नुसता तिचा परिणाम.

सरासरीवर विसंबायचं नाही, कारण ५०-५५ सामन्यांच्या सरासरीत नशिबाचा वाटा फार मोठा असतो. चार हलके फटके इनफिल्डच्या (आतल्या क्षेत्ररक्षकांच्या) डोक्यावरून पडले की आकडा फुगतो. स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्सनंतर बऱ्यापैकी विश्वासार्ह होतं, वॉकचं (झोनबाहेरच्या चार चेंडूंवर मिळणाऱ्या पहिल्या बेसचं) १२० च्या आसपास. म्हणून मुलगा नव्या पायरीवर गेला की पहिले तीन आठवडे सरासरीकडे बघूच नका.

आता पायऱ्यांमधला फरक. हाय-एचा पिचर वेगवान असतो, ताशी ९५-९६ मैलांचा फास्टबॉल सर्रास दिसतो. पण स्लायडर किंवा कर्व्ह (वळणारे चेंडू) त्याला हवा तेव्हा स्ट्राइक झोनमध्ये (बॅटरसमोरच्या वैध चौकटीत) टाकता येत नाही. काउंट २-० (दोन चेंडू झोनबाहेर, एकही स्ट्राइक नाही) झाला की तो फास्टबॉलवरच येणार, हे बॅटरला ठाऊक असतं आणि तो त्याचीच वाट बघतो. डबल-एचा पिचर २-० ला स्लायडर टाकतो, आणि तोही कडेला लागून. बहुतेक आउटफिल्डर इथेच अडकतात. हाय-एमध्ये २० होम रन मारलेला मुलगा बाहेर जाणाऱ्या स्लायडरच्या मागे बॅट फेकत राहतो, दोन-तीन आठवड्यांत सगळ्या लीगला त्याची खोड कळते आणि मग त्याला झोनमध्ये फास्टबॉल मिळेनासा होतो. ट्रिपल-एचे पिचर आणखी वेगळे. वेग कदाचित कमी, पण त्यांतले कितीतरी जण मेजर लीग खेळून आलेले, पंचविशी ओलांडलेले असतात. बॅटरचं कच्चं अंग कोणतं हे ते पहिल्या दोन फेऱ्यांतच शोधतात.

म्हणून क्रम सांगायचा तर आधी वय. त्या पायरीवरच्या खेळाडूंच्या मानाने मुलगा किती लहान आहे? हाय-एमध्ये बरेचसे खेळाडू कॉलेज संपवून आलेले, २२-२३ चे असतात. १९ वर्षांच्या मुलाने तिथे .२६० मारले, तरी ते २३ वर्षांच्या .३०० पेक्षा जड भरतात. मग स्ट्राइकआउट, आणि तेही महिन्यागणिक. एप्रिलमध्ये ३० टक्के असतील तर घाबरू नका. जूनमध्येही ३० च असतील तर मात्र गंभीर आहे. त्यानंतर वॉक. आणि सगळ्यात शेवटी होम रन, कारण ताकद २२-२३ व्या वर्षापर्यंत अंगात भरत राहते.

अकुन्याच्या वर्षातही भोकं होती, ती लपवू नयेत. ६१२ प्लेट अपिअरन्समध्ये ४३ वॉक, म्हणजे जेमतेम ७ टक्के. ४४ बेस चोरले (पिचर चेंडू टाकत असताना पुढच्या बेसकडे धावून), पण २० वेळा बादही झाला. चोरीचं यश ७० टक्क्यांच्या खाली गेलं की ती संघाच्या फायद्याची राहत नाही. पाय वेगवान होते, पण पिचरची हालचाल वाचणं अजून यायचं होतं.

हे वर्ष आकाशातून पडलेलं नव्हतं, हेही लक्षात घ्या. जुलै २०१४ मध्ये व्हेनेझुएलातून १ लाख डॉलरवर करार. २०१५ रूकी पातळीवर. २०१६ मध्ये लो-एच्या रोम संघात अंगठ्याच्या दुखापतीने निम्म्याहून जास्त सीझन गेला, फक्त ४० सामने झाले. बुडालेला सराव भरून काढायला तो हिवाळ्यात ऑस्ट्रेलियात मेलबर्न एसेसकडून खेळला. ज्याचं वर्ष दुखापतीत गेलंय, त्याची हिवाळी लीग तपासायला विसरू नका. पुष्कळदा पुढच्या उडीची पहिली खूण तिथेच सापडते.

---

चाळीसची_यादी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. कारण मुख्यतः कराराचं, पण पूर्ण नाही.

मेजर लीगच्या यादीवरचे १७२ दिवस म्हणजे सर्व्हिस टाइमचं एक वर्ष. सीझन साधारण १८६-१८७ दिवसांचा. अशी सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो, कुठल्याही संघाशी करार करू शकतो. आता हिशेब करा. पहिल्या दिवसापासून वर ठेवलं तर २०१८ ते २०२३ मध्ये सहा वर्षं पूर्ण. पंधरा-सतरा दिवस खाली ठेवलं तर २०१८ चं वर्ष अपुरं राहतं आणि क्लबला २०२४ ही मिळतं. तो २५ एप्रिल २०१८ ला वर आला, त्याच्या खात्यात १५९ दिवस जमा झाले. तेरा दिवस कमी. स्प्रिंगचे .४३२ या हिशेबापुढे टिकणारे नव्हते.

पूर्ण नाही असं म्हटलं ते यासाठी की क्लबचा फायदा एप्रिलच्या मध्यालाच पक्का झाला होता. त्यानंतरचे दहाएक दिवस तो खाली राहिला, कारण बॅट थंड होती. ग्विनेटमध्ये त्या एप्रिलमध्ये .२३२ आणि एकच होम रन. वर गेल्यावर मात्र १११ सामन्यांत .२९३, २६ होम रन आणि नॅशनल लीगचा रूकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा). पुढे एप्रिल २०१९ मध्ये आठ वर्षांचा १० कोटी डॉलरचा करार झाला आणि त्या वाचवलेल्या वर्षाचा प्रश्नच मिटला.

२०२२ च्या करारात या प्रकाराला थोडा लगाम बसला. रूकी ऑफ द इयरच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्या नवख्याला, तो उशिरा वर आला असला तरी, पूर्ण वर्ष मिळतं. आणि नामांकित तरुणाला पहिल्या दिवसापासून खेळवलं आणि त्याने तो पुरस्कार जिंकला, तर क्लबला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. सिअ‍ॅटलने सेंटर फिल्डर हुलिओ रोद्रिगेसला २०२२ मध्ये असंच खेळवलं, तो जिंकला, आणि सिअ‍ॅटलला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये ती निवड मिळाली.

ज्याला आपण हेरतोय त्याच्याबाबत आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, रूल फाइव्ह, म्हणजे दुसऱ्या क्लबचे मायनर खेळाडू उचलण्याचा नियम. १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार केलेल्या मुलाला क्लब साधारण पाच सीझन झाकून ठेवू शकतो, १९ किंवा पुढच्याला चार. त्यानंतर नोव्हेंबरमध्ये त्याला क्लबच्या राखीव चाळीस जणांच्या यादीत घ्यावं लागतं, नाहीतर दुसरा कुठलाही क्लब १ लाख डॉलर भरून त्याला उचलू शकतो. मात्र उचलणाऱ्याने त्याला पूर्ण सीझन मेजर लीगच्या २६ जणांत ठेवायला हवं. त्यामुळे हाय-एमधल्या कच्च्या मुलाला सहसा कुणी उचलत नाही, डबल-ए गाजवलेल्याला उचलतात. नोव्हेंबर जवळ आला आणि क्लबने एखाद्या मुलाला घाईने डबल-एला चढवलं, तर बरेचदा हेच कारण असतं.

दुसरी, ऑप्शन. चाळीसच्या यादीत आलेल्याला तीन सीझन बिनबोभाट खाली पाठवता येतं, आणि एका सीझनमध्ये जास्तीत जास्त पाच वेळा. तीन संपले की त्याला खाली धाडण्याआधी बाकी सगळ्या क्लबांपुढे ठेवावं लागतं. चांगला खेळूनही वर-खाली होणारा चौथा आउटफिल्डर दिसला की त्याचे ऑप्शन मोजा, उलगडा होतो.

पैशाचं अंतर किती हेही सांगून ठेवतो. २०२३ च्या मायनर लीग करारानुसार हाय-एला वर्षाला २७,३०० डॉलर, डबल-एला ३०,२५०, ट्रिपल-एला ३५,८००. त्याच वर्षी मेजर लीगचा किमान पगार ७,२०,००० डॉलर. ट्रिपल-एची वर्षाची कमाई वर नऊ-दहा दिवसांत होते. तेरा दिवसांचा हिशेब खेळाडूला का बोचतो, ते यावरून कळेल.

---

डीपमिडविकेट

उत्तम, स्ट्राइकआउटचा मुद्दा डोक्यात बसला. पण काही जण ट्रिपल-ए टाळून थेट वर जातात. मग ट्रिपल-ए गरजेचं आहे का? आणि तिथले आकडे किती खरे मानायचे?

---

बॉक्सस्कोअर

गरजेचं नाही. ब्रेव्ह्जच्याच मायकेल हॅरिसला २८ मे २०२२ ला थेट डबल-एमधून उचललं, ४३ सामने .३०५ एवढ्यावर, आणि त्याच वर्षी तोही रूकी ऑफ द इयर. माइक ट्राउट २०११ मध्ये डबल-एमधूनच वर आला, १९ व्या वर्षी, ४० सामन्यांत .२२० झाले. २०१२ ची सुरुवात ट्रिपल-ए सॉल्ट लेकमध्ये, २० सामन्यांत .४०३, आणि एप्रिल संपायच्या आत परत वर. पुढे तो मोठा तारा झाला. पहिल्या फेरीत आपटला म्हणजे अंदाज चुकला असं नाही. एरन जज २०१६ मध्ये २७ सामन्यांत .१७९ होता, ८४ अ‍ॅट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून पाळ्यांत) ४२ स्ट्राइकआउट. पुढच्या वर्षी ५२ होम रन.

ट्रिपल-एचे आकडे वाचताना आधी शहर बघा. पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की जवळपास १,६०० मीटर उंचीवर आहे. रेनो, सॉल्ट लेक, एल पासो हीसुद्धा उंचावरची. पातळ हवेत चेंडू लांब जातो आणि कर्व्ह कमी वळतो, म्हणजे बॅटरला दुहेरी फायदा. तिथले २५ होम रन म्हणजे समुद्रसपाटीजवळचे कितीतरी कमी. उलट मिसिसिपीत पर्ल गावचं मैदान पिचरधार्जिणं होतं, त्यामुळे अकुन्याचे डबल-एमधले ९ होम रन दिसतात त्यापेक्षा वजनदार आहेत.

लीगमध्ये प्रयोगही चालतात. २०२३ च्या पहिल्या अर्ध्या सीझनला डबल-एच्या सदर्न लीगमध्ये आधीच चिकट केलेला चेंडू वापरला. पिचरची पकड सुधारली आणि बॅटरांचे हाल झाले. त्यात मिलवॉकीच्या जॅक्सन चुरिओचे आकडे फिके दिसत होते. साधा चेंडू परत आल्यावर तो उसळला. शेवटी १९ व्या वर्षी डबल-एमध्ये २२ होम रन, ४३ चोऱ्या. नुसता जूनचा तक्ता बघणाऱ्याने त्याला यादीतून खोडला असता.

एक सोय मात्र झाली आहे. २०२३ पासून ट्रिपल-एच्या प्रत्येक फटक्याचा वेग बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर मिळतो. ९५ मैलांच्या वरचा फटका म्हणजे जोरदार. सीझनमध्ये एकदाही ११० मैल गाठले नसतील तर मोठी ताकद अजून आलेली नाही असं धरा. सरासरी काहीही असो.

---

कटऑफमॅन

फिल्डिंगचं राहिलंय. हाय-एमध्ये पल्ल्याचे विश्वासार्ह आकडे बाहेर मिळत नाहीत, त्यामुळे व्हिडिओ बघावाच लागतो. पूर्वेकडचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचारला सुरू होतो; नंतर रेकॉर्डिंग बघितलं तरी चालेल. काय बघायचं ते सांगतो.

कॅमेरा पिचरच्या मागून असतो, आउटफिल्डर दिसतच नाही. फटका बसल्यावर दुसऱ्या कॅमेऱ्याचं दृश्य येतं, त्या क्षणी तो कुठे आहे ते बघा. आधीच पाठ वळवून धावतोय, की अजून उभा आहे? स्टॅटकास्ट ही मोजणी यंत्रणा मेजर लीगमध्ये हेच मोजते: पहिल्या तीन सेकंदांत योग्य दिशेला किती फूट कापले. त्याचे भाग तीन, पहिल्या दीड सेकंदातली प्रतिक्रिया, पुढच्या दीडमधला वेग, आणि मार्ग किती सरळ. पाय सरासरीचे असूनही पहिल्या दीड सेकंदावर सेंटर फिल्ड सांभाळणारे आहेत, आणि सेकंदाला ३० फूट धावणारेही चुकीच्या पहिल्या पावलामुळे कोपऱ्यात (लेफ्ट किंवा राइट फिल्डमध्ये) ढकलले जातात.

पावलाची चूक नेमकी कशी दिसते? डोक्यावरून जाणाऱ्या चेंडूला पहिलं पाऊल मागे टाकायचं, ज्या खांद्यावरून चेंडू जाणार त्या बाजूचा पाय उघडून, आणि मग वळून धावायचं. कच्चा मुलगा तोंड पुढे ठेवून उलटा धावतो. दोन-तीन पावलांत वेग मरतो आणि चेंडू ग्लव्हच्या वरून जातो. सगळ्यात अवघड म्हणजे थेट अंगावर येणारा सरळ फटका. बाजूने पाहता येत नसल्याने खोलीचा अंदाज लागत नाही. नवखा एक पाऊल पुढे येतो आणि चेंडू उंच होत मागे निघून जातो. ही चूक महिन्यातून एकदा झाली तर ठीक, दर आठवड्याला होत असेल तर तो सेंटरचा नाही.

थ्रो बघताना जोरापेक्षा उंची बघा. शिवणीला आडवी दोन बोटं ठेवून चेंडू असा धरायचा की फिरताना चारही शिवणी हवा कापतील. तसा चेंडू सरळ जातो. घाईत पकड चुकली की तो बाजूला वळत जातो आणि कॅचरला प्लेट सोडावी लागते. झेलानंतर एक छोटी उडी घेऊन वजन पुढे आणायचं आणि फेकायचं. थ्रो कटऑफमॅनच्या (मध्ये उभ्या राहणाऱ्या इनफिल्डरच्या) छाती-डोक्याच्या उंचीवर यायला हवा, म्हणजे गरज पडली तर तो मध्येच अडवेल आणि नाही अडवला तर एका टप्प्यात प्लेटवर जाईल. तरुण आउटफिल्डरांचा मोह असा की प्रत्येक चेंडू थेट होम प्लेटवर हवेतून फेकायचा. पळणारा तर वाचतोच, आणि बॅटरही फुकट दुसऱ्या बेसवर पोचतो. स्कोअरकार्डात बहुधा त्याची चूक म्हणूनही नोंद होत नाही. पण हेर मंडळी वहीत नेमकं हेच लिहितात.

जागेचाही विचार करा. अकुन्या मायनरमध्ये मुख्यतः सेंटर फिल्डर. वर आला तेव्हा सेंटरला एंडर इन्सिआर्ते होता, २०१६ ते २०१८ सलग तीन गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम फिल्डरचा पुरस्कार) घेतलेला. म्हणून पहिलं वर्ष बहुतेक लेफ्टमध्ये गेलं. कोपऱ्यात चेंडू फाउल लाइनकडे (मैदानाच्या कडेच्या रेषेकडे) वळत जातो, सेंटरला तो बऱ्याच अंशी सरळ येतो. हा फरक पचवायला वेळ लागतो. एखाद्या सेंटर फिल्डरला क्लब आठवड्यातून एक-दोन दिवस लेफ्ट किंवा राइटला खेळवायला लागला, तर त्याची किंमत घसरली असं समजू नका. बऱ्याचदा वर कुठली जागा रिकामी होणार आहे, त्याची ती तयारी असते.

---

डीपमिडविकेट

चेंडू वळण्याचा मुद्दा क्रिकेटच्या डीपमध्ये नसतोच, तो लक्षात ठेवतो. एक जोडप्रश्न: भारतातून गेलेले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल दोघेही पिचर होते. आउटफिल्डर म्हणून का नाही निवडले?

---

कटऑफमॅन

हात एका दिवसात मोजता येतो. दोघेही भालाफेकवाले, रडार गनसमोर उभं केलं की वेग कळला. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने करार केला, आणि रिंकू २०११ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघात पोचला. आउटफिल्डरला मात्र आधी बॅट लागते, आणि ९५ मैलांचा चेंडू प्लेटपर्यंत यायला ०.४ सेकंद लागतात. तेवढ्यात स्लायडर ओळखणं हे लहानपणापासून हजारो पिच बघूनच डोळ्यात बसतं. अकुन्याचे वडीलही मायनर लीग खेळलेले. क्रिकेटपटूच्या अंगात झेल आणि थ्रो तयार असतो, फक्त ग्लव्हची सवय आणि पकड बदलावी लागते. बॅट मात्र आडवी चालवावी लागते आणि चेंडूला टप्पा नसतो. कुणी प्रयत्न करणार असेल, तर १२-१३ व्या वर्षी पिचिंग मशीनवर फक्त वळणारे ब्रेकिंग बॉल *बघण्याचा* सराव सुरू करावा. बॅट खांद्यावर ठेवून, प्रत्येक चेंडूला मोठ्याने "झोन" किंवा "बाहेर" म्हणायचं, एका बैठकीत ५०-६०. डबल-एची भिंत तिथेच पार होते.